आज शाळेत पाठवू की राहू दे?

ताई, नमस्कार.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सीनियर केजीत. आम्ही डोंबिवलीत राहतो. शाळा सव्वासातची, व्हॅन सहा चाळीसला बिल्डिंगखाली येते, म्हणून त्याला सहाला उठवावं लागतं. सोमवार-मंगळवार कसाबसा उठतो. गुरुवार-शुक्रवार उठतच नाही. बसवलं तर बसल्या जागी झोपतो, ब्रश तोंडात तसाच. एका गुरुवारी मी तसाच युनिफॉर्म चढवून त्याला व्हॅनमध्ये बसवला. साडेनऊला टीचरचा फोन, ‘बेंचवर डोकं ठेवून झोपलाय, बरं नाहीये का?’ ऑफिसात डोळ्यांत पाणी आलं. म्हणून पुढच्या गुरुवारी घरी ठेवला. सासूबाई घरी असतात. पावणेनऊला आपणहून उठला आणि दहा वाजता सोफ्यावरून उड्या मारत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘बघ, नाटक होतं.’ नवरा म्हणाला, ‘लाड करून ठेवलेत.’

त्याला ताप, खोकला काही नाही. जेवण बेताचं, सकाळी चहा-बिस्किट लागतं. दुपारी चारच्या सुमारास झोपतो, साडेपाचला उठतो. नवऱ्याला यायला रात्रीचे दहा होतात, हा त्याची वाट बघत जागा असतो, दोघांची थोडी मस्ती होते आणि अकरापर्यंत झोपतो. डायरीत हजेरीबद्दल लाल पेनने शेरा आलाय. टीचरला मी ताप होता असं सांगितलं. अशा सकाळी काय करायचं? पाठवलं तरी अपराधी वाटतं, ठेवलं तरी.

– एक आई, डोंबिवली

*

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. दुसऱ्या गुरुवारी त्याला घरी ठेवलंत ते बरोबर केलंत. आणि दहाला उड्या मारत होता म्हणजे सकाळचं नाटक होतं, हा तुमच्या घरात निघालेला निकाल मला अजिबात पटलेला नाही.

नाटक करणारं मूल व्हॅन गेली की पाच मिनिटांत टवटवीत होतं. सात वाजता ते टीव्हीसमोर असतं, सव्वासातला बिस्किट मागतं. तुमचा मुलगा व्हॅन गेल्यावर आणखी दोन तास गाढ झोपला. पावणेनऊला त्याला कुणी उठवलं नाही, तो आपणहून उठला. झोप पुरी झालेला साडेपाच वर्षांचा मुलगा दहा वाजता उड्याच मारणार. तो पडून राहिला असता, दूध नको म्हणाला असता, आवडतं कार्टून लावूनही आजीच्या मांडीत डोकं खुपसून बसला असता, तर मी काळजीत पडले असते आणि तुम्हाला तडक डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं. उड्या हा पुरावा आहेच, पण तो तुमच्या बाजूचा आहे. सासूबाईंना हे आजच सांगा, जरा गोड शब्दांत.

आता वार बघा. शाळेची धास्ती असलेल्या मुलाला बहुतेक वेळा सोमवार नडतो. दोन दिवस घरी राहून परत जायचं असतं, म्हणून रविवारी संध्याकाळपासूनच पोट दुखायला लागतं. तुमच्याकडे उलटं आहे. सोमवारी गाडी सुरू होते आणि गुरुवारी बंद पडते. आठवडा पुढे सरकतो तसं काहीतरी साठत जातंय, आणि काय साठतंय ते तुमच्या पत्रातल्या वेळांवरूनच दिसतं.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची धरून. सहाव्या वर्षापासून पुढे नऊ ते बारा तास. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016मध्ये ठरवलेले हे आकडे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. तुमचा मुलगा रात्री अकरा ते सहा म्हणजे सात तास, दुपारी दीड तास, असा साडेआठ तास झोपतो. अगदी कमीत कमी दहा धरले तरी रोज दीड तासाची तूट. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार अशा चार रात्री गेल्या की गुरुवारी सकाळी सहाला पोराच्या डोक्यावर सहा तासांची उधारी असते. त्या वेळी तुम्ही त्याला हलवत असता, सासूबाई दारातून हाका मारत असतात आणि खाली व्हॅनवाले काका हॉर्न देत असतात. उठणार कसा?

तेव्हा सकाळी सहाला पडणारा हा प्रश्न खरं तर रात्री दहाला तयार होतो. तिकडे येतेच, पण उद्याच गुरुवार असेल तर उद्याचं काय, ते आधी.

सकाळी उठल्या उठल्या निर्णय घेऊ नका. अंथरुणात पडलेलं कुठलंही मूल आजारीच वाटतं, मोठी माणसंसुद्धा वाटतात. त्याला उचलून बाथरूममध्ये न्या, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, शू करू द्या, मग गॅलरीत किंवा खिडकीशी उजेडात बसवून कपभर कोमट दूध द्या. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात, म्हणून अशा दिवशी पावणेसहालाच सुरुवात करावी लागेल. पंधरा मिनिटांनी त्याच्याकडे नीट बघा. चिडचिड करतोय, ‘नको’ म्हणतोय, पण दूध पितोय आणि मोजा हाच नको तोच हवा म्हणून वाद घालतोय? पाठवा. वाद घालायला ताकद लागते. दूध हातात धरून पुन्हा मान कलंडली, कशालाच प्रतिसाद नाही, आवडत्या गोष्टीचं नाव काढलं तरी डोळे उघडत नाहीत, तर ठेवा घरी. तसा मुलगा शाळेत जाऊन काही शिकत नाही, नुसता बेंचवर झोपतो. ते तुम्ही एकदा बघितलंच आहे.

दूध देण्याआधी ताप बघायचा, आणि तो कपाळाला हात लावून नाही. दोनशे-अडीचशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घरात असू द्या. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर शाळा नाही, हा प्रश्न तिथेच संपला. काखेत लावला तर आकडा जरा कमीच दाखवतो, हे लक्षात ठेवा. आणि सकाळी सहाला पॅरासिटामॉलचं औषध पाजून मुलाला शाळेत पाठवायचं, ही जी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, ती कृपा करून करू नका. चार-सहा तासांत औषध उतरतं, मधल्या सुट्टीच्या आसपास मूल फणफणतं आणि तोवर शेजारच्या चौघांना प्रसाद मिळालेला असतो. औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, मगच शाळा. उलट्या-जुलाब, अंगावर पुरळ, डोळे आलेले असले तरी घरीच.

पावसाळ्यात आणि त्याच्या पुढच्या महिना-दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट. साधा व्हायरल ताप उतरला की मूल दोन-तीन दिवस मलूल असतं, त्यात विशेष काही नाही, राहू द्यावं घरी. डेंग्यूचं तसं नसतं. त्यात धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरल्यानंतर सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होतं आणि मुलाचं पोट दुखायला लागतं, उलट्या होतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, हातपाय गार पडतात, मूल गुंगीत राहतं, शू कमी होते. यातलं काहीही दिसलं तर शाळा राहिली बाजूला, संध्याकाळच्या ओपीडीचीही वाट बघायची नाही. तुमच्या मुलाला यातलं काही नाहीये. पण हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी असेल, म्हणून लिहिलं.

आता रात्रीचे दहा.

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी सहज येऊन गेलंय. हा बाबांची वाट बघत जागा असतो आणि दोघांची थोडी मस्ती होते. सगळं घोडं तिथे अडलंय, आणि ते मी फार जपून लिहितेय, कारण त्यात कुणाचाच दोष नाही. दिवसभर राबून, धक्के खात माणूस घरी येतो. दार उघडलं की पोरगं पायाला मिठी मारतं. त्या वीस मिनिटांसाठीच तो घरी येतो म्हणा ना. मुलाच्या बाजूनेही तेच. त्याच्या अख्ख्या दिवसात बाबा आहेत ते तेवढेच. डोळ्यांवर झोप आली तरी ते मूल स्वतःला जागं ठेवणार, आणि एकदा गादीवर कुस्ती झाली की मग पुढे पाऊण तास झोप कसली येते! तेव्हा ‘उद्यापासून बाबा येण्याआधी झोपायचं’ असं नुसतं फर्मान काढलंत, तर पोरगं रडेल आणि नवरा दुखावेल. चार दिवसांत सगळं पुन्हा अकरावर जाईल.

बाबांची वेळ काढून घेऊ नका, तिची जागा बदला. सकाळ बाबांची करा. सहाला मुलाला बाबांनी उठवायचं, आईने नाही. उचलून बाथरूममध्ये नेणं, दूध देणं, बूट घालणं आणि जिन्यातून खांद्यावर घेऊन व्हॅनपर्यंत जाणं, हे सगळं त्यांचं. पाऊण तास होतो. रात्रीच्या वीस मिनिटांपेक्षा जास्तच आहे, आणि त्या वेळी दमून आलेला बाप नसतो. दहाला येणारा माणूस जेवून साडेअकराला झोपला तर सहाला उठू शकतो, नंतर हवं तर आडवा होऊ द्या. ‘बाबा आले की झोपेन’ म्हणणाऱ्या मुलाला ‘सकाळी बाबाच उठवणार आहेत’ हे सांगता आलं की लवकर झोपण्यात त्याचाही फायदा असतो. नवऱ्याशी हे बोलाल तेव्हा ‘तुमच्यामुळे त्याची झोप होत नाही’ इथून सुरुवात करू नका. ‘तो तुमच्यासाठी जागा राहतो’ इथून करा. गोष्ट तीच आहे, पण पहिलं वाक्य ऐकून माणूस जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसेल.

ते रोज जमणार नाही. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी मी समाधानी आहे.

झोपेची वेळ अकरावरून एकदम नऊवर आणायला जाऊ नका. अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून मूल पडून राहील आणि तुमची चिडचिड होईल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे घ्या. तीन आठवड्यांत नऊला पोचाल. शनिवार-रविवारी तो नऊपर्यंत झोपत असेल, तर ते हळूहळू सातवर आणा, नाहीतर रविवारी रात्री पुन्हा अकरा वाजलेच. साडेसात-आठला जेवण, साडेआठला टीव्ही-मोबाइल बंद आणि दिवे मंद. (डोंबिवलीत तुम्ही साडेसातला गाडीतून उतरता आणि वर आठला जेवण म्हणजे काय प्रकार असतो, ते मला माहीत आहे. त्याला आजीने आधी भरवलं तर चालेल. सगळ्यांनी एकत्र जेवायचं ते शनिवार-रविवारी.) जून-जुलैत सव्वासात-साडेसातपर्यंत उजेड असतो, नऊ म्हणजे त्यांना संध्याकाळच वाटते. पडदे ओढा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, तेव्हा हे काम पुष्कळ सोपं होतं.

दुपारची झोप हा सासूबाईंचा प्रांत आहे, म्हणून तिथे बेताने. चार ते साडेपाच झोपलेलं मूल नऊला झोपत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी चार मुलं वाढवलेली बघितली असतील. पण शाळेतून साडेबाराला आलेल्या पोराला जेवू घालून, ओटा आवरून, त्यांना स्वतःला पाठ टेकायला चार वाजतात, आणि तेव्हाच तो झोपला तर त्यांना विसावा मिळतो. त्यांची अडचण ही आहे. ती धरून बोला. जेवण झाल्या झाल्या, दीडच्या आसपास दोघांनीही आडवं व्हायचं आणि अडीच-पावणेतीनला त्याला उठवायचं. भांडी नंतर होतील. रात्री नऊ तास आणि दुपारी तासभर, झाले दहा. हे बसलं की गुरुवारचं काय होतं ते बघा.

डायरीतल्या लाल शेऱ्याचं ओझं उतरवून टाका. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा 2009चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. केजी त्याच्या बाहेर आहे. पहिलीत गेल्यावरही हजेरी कमी भरली म्हणून कुणी मुलाला त्याच वर्गात बसवू शकत नाही. शाळेला पट आणि हजेरी दाखवायची असते, टीचरला तो शेरा लिहावा लागतो, इतकंच. मात्र याचा अर्थ वाटेल तेव्हा घरी ठेवा असा कुणी घेऊ नये. लहान मुलांना रोजचं ठरलेलं आवडतं. आठवड्यातून एक दिवस गैरहजर राहिलं की सोमवारी खेळात आपली जागा दुसऱ्या कुणी घेतलेली असते, गाणं अर्धं येत असतं, आणि मग खरोखरच जावंसं वाटेनासं होतं. महिन्यातून एखादा दिवस झोपेपायी गेला तर माझी हरकत नाही. दर गुरुवारी जात असेल तर दुखणं मुलात नाही, घराच्या वेळापत्रकात आहे.

आणि थोडं शाळेच्या वेळापत्रकातही. ही गोष्ट पालक फारशी उचलून धरत नाहीत याचं मला नवल वाटतं. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की 2024-25पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, शाळा कुठल्याही माध्यमाची आणि व्यवस्थापनाची असो. त्याआधी डिसेंबर 2023मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे तसं सुचवलं होतं, आणि कारण हेच दिलं होतं की मुलं रात्री उशिरा झोपतात आणि त्यांची झोप होत नाही. ज्या शाळांना अगदीच शक्य नाही त्यांनी शिक्षण खात्याची परवानगी घ्यायची, अशी सोय त्यात ठेवलेली आहे. तुमची केजी सव्वासातला भरते, तेव्हा तशी परवानगी घेतली आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शाळा म्हणेल, दुपारी त्याच वर्गांत मोठी मुलं बसतात आणि बसच्या फेऱ्या जमत नाहीत. अडचण खोटी नसते. तरी एकट्या आईने फाटकाशी विचारलेला प्रश्न हवेत विरतो. पालकसभेत दहा जणांच्या सह्यांनी लेखी दिलेला टिकतो. त्याच शाळेत दुपारचं सत्र असेल तर पुढच्या वर्षासाठी आत्ताच नाव देऊन ठेवा. घरी आजी आहे, त्यामुळे तुम्हाला ते जमण्यासारखं आहे. दोघंही नोकरीला आणि मूल पाळणाघरात, अशा घरांना दुपारचं सत्र परवडत नाही. त्यांच्यासाठी तर नऊचा आग्रह जास्तच महत्त्वाचा.

समजा हे सगळं केलंत, महिनाभर मूल दहा तास झोपलं आणि तरीही गुरुवारी मान कलंडतेच. मग रक्त तपासून घ्या. तुमच्या पत्रात ‘जेवण बेताचं’ आणि ‘चहा-बिस्किट’ हे दोन शब्द मला टोचताहेत. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. यात फक्त गरीब घरं आहेत असं समजू नका. पाच वर्षांपुढच्या मुलाचं हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल तर ते कमी धरतात. ओठ-नखं फिकट, जिना चढताना धाप, खडू, पाटीची पेन्सिल किंवा भिंतीचा चुना खायची सवय, असं काही आहे का बघा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून साडेपाच वर्षांच्या मुलाचा सकाळचा चहा बंद. रडेल चार दिवस. त्या जागी नाचणीचं सत्त्व किंवा दूध, आणि डब्यातल्या पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळायचं. जंताची गोळी शेवटची कधी दिली होती ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. लोहाचं औषध मात्र मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने आणू नका.

रात्री तो झोपल्यावर पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसून श्वास ऐका. सर्दी नसतानाही तोंड उघडं टाकून घोरतो का? मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतो का? काही मुलांच्या नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढलेले असतात. ती दहा तास अंथरुणात असतात, पण त्यांना गाढ झोप मिळत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं की कळतं. आणि एकदम तहान वाढली, सारखी शू होते, गादी ओली करणं थांबलेलं मूल पुन्हा करायला लागलं, वजन उतरलं आणि सोबत थकवा, असं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची. लहान मुलांनाही मधुमेह होतो, आणि त्यांच्यात तो फार झपाट्याने चढतो.

शाळेत काही खुपतंय का, ही शंका वारांवरून मला कमी वाटते. तरी एकदा चाचपून बघा. ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं थेट विचारलंत तर ‘नाही’ एवढंच उत्तर येईल. डबा कुणाबरोबर खाल्लास, व्हॅनमध्ये कुणाशेजारी बसलास, शू लागली तर कुणाला सांगतोस, असं विचारा. शाळेतल्या संडासाच्या वासाला घाबरून चार-पाच तास शू दाबून धरणारी मुलं प्रत्येक केजीत असतात, आणि ती घरी कधी सांगत नाहीत.

घरी ठेवलेला दिवस कसा जावा, हे सासूबाईंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा, सकाळी फोनवरून नाही. झोपेल तेवढं झोपू द्यायचं. उठल्यावर शाळेतल्यासारखीच आंघोळ, न्याहारी, घरातला खेळ. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत टीव्ही आणि मोबाइल नाही. बाहेरून वडापाव नाही, ‘आज सुट्टी’ म्हणून लाड नाहीत, आणि ‘घरी राहिलास ना, मग बस आता पुस्तक घेऊन’ अशी शिक्षाही नाही. जरा कंटाळवाणा दिवस असावा. दुपारी नेहमीच्या वेळेला झोप आणि रात्री नेहमीपेक्षा अर्धा तास आधी अंथरूण. हेही आजीच्या हाती सोपवून तुम्ही निर्धास्तपणे गाडी पकडायची. संध्याकाळी ‘बघ, नाटक होतं’ हा विषय निघालाच, तर मुलासमोर नको. साडेपाच वर्षांच्या मुलाला आपल्याबद्दल बोललेलं सगळं कळतं. आजी आपल्याला नाटकी म्हणते हे एकदा डोक्यात बसलं, की ज्या दिवशी खरंच पोटात दुखेल त्या दिवशी तो सांगणार नाही.

राहिला टीचरचा प्रश्न. ताप होता असं पुन्हा सांगू नका. तो शेजारी उभा असतो आणि ऐकत असतो, हे एक. दुसरं म्हणजे, तुम्ही ताप सांगितलात तर तिला त्याच्याबद्दल काहीच उमगत नाही. सकाळी सातच्या आत तिला असा मेसेज टाका : ‘रात्री झोप झालेली नाही, उठत नाहीये, म्हणून आज घरी ठेवलाय. झोपेची वेळ लवकर आणण्याचा प्रयत्न चालू आहे. गुरुवार-शुक्रवारी तो वर्गात पेंगतो का, ते या महिन्यात बघून सांगाल का?’ बेंचवर डोकं ठेवलेलं बघून जिने आपणहून फोन केला, ती हे नक्की सांगेल. महिन्याने ती काय म्हणाली ते मला कळवा.